ओळखा पाहू, हे काय?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे दिवस म्हणजे आपल्या हळदीकुंकवाचे दिवस. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. त्याच त्या सतरंज्या, तेच अत्तर, त्याच गप्पा. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्या तर इतक्या जमल्या आहेत की आमच्या शिरपूरला त्यांचं एक वेगळं दुकान निघेल! खरं सांगायचं तर गेल्या वर्षी आमच्याकडे वीस-बावीस जणी आल्या, पाच मिनिटं बसल्या, मोबाइलवर फोटो काढले आणि "अजून चार घरं राहिलीत हो" म्हणत उठल्या. मी मागे उरलेला तिळगूळ मोजत बसले.

यंदा मात्र आमच्याकडच्या बायका दिवेलागण झाली तरी उठेनात. त्याचं कारण एक खेळ. त्या खेळात मला जे कळलं ते सांगण्यासाठीच हा लेख. आणि त्यात माझी एक चूकही आहे, तीही सांगणार आहे. लपवून काय करायचं?

झालं असं, आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करायचा होता. खालचा स्लॅब गळतो, दुरुस्ती काढायची. ह्यांनी फर्मान काढलं, "सोमवारी भंगारवाला येतोय. पितळ वेगळं, लोखंड वेगळं, लाकूड बंबात." मी पदर खोचून माळ्यावर चढले. आणि धुळीतून एकेक वस्तू अशी निघू लागली की अर्ध्या वस्तूंचं नाव मलाच सांगता येईना. मी या घरात येऊन बत्तीस वर्षं झाली, मैत्रिणींनो! मनात म्हटलं, मला येत नाही तर बाकीच्यांना तरी येतं का पाहू या. भंगारात जायच्या आधी एक संध्याकाळ या वस्तूंची होऊ दे.

तशी आमच्या शिरपूरला कोड्यांची सवय आहेच. वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं हे गाव जगाला माहीत आहे ते अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे. मूर्ती जमिनीला न टेकता अधर आहे अशी शेकडो वर्षांची श्रद्धा. गावात नवा पाहुणा आला की तो पहिला प्रश्न हाच विचारतो, "हे कसं हो?" तेव्हा "हे कसं" हा प्रश्न आमच्या लहानपणापासून ओळखीचा. फक्त तो घरातल्या भांड्याकुंड्यांना कधी विचारला नव्हता, एवढंच.

खेळाचे नियम साधे ठेवले. वस्तू मध्ये ठेवायची. बायकांनी प्रश्न विचारायचे, मी फक्त "हो" किंवा "नाही" म्हणायचं. दहा प्रश्नांत ओळखलं तर गुण. जी वस्तू घरात नाही तिची चिठ्ठी. चिठ्ठीत यंत्राचं वर्णन, नाव बायकांनी सांगायचं. वाण म्हणून स्टीलची चहागाळणी आणि पहिल्या येणारीला काय द्यायचं ते गुपित.

सुरुवातीला सोपी म्हणून कोळशाची इस्त्री ठेवली. ती सगळ्यांनी एका दमात ओळखली. शेजारच्या वहिनी तर म्हणाल्या, "माझ्या हातावर अजून डाग आहे तिचा!" मग दुसरी वस्तू काढली आणि सगळ्या गप्प झाल्या.

पितळेचं उंच नळकांडं. आत एकावर एक बसणारे चार डबे, त्यांना धरायला दांडी, आणि तळाशी निखाऱ्यांची जागा. "डबा आहे का?" "नाही." "पाणी तापवायचा बंब?" "नाही, पण जवळ आलात." "स्वयंपाकाचं?" "हो!" शेवटी किराणेवाल्या काकूंनी डोक्याला हात लावून आठवलं, "अगं, इकमिक कुकर! माझ्या मामाकडे होता, ते एकटेच राहायचे नोकरीला."

अगदी बरोबर. हा कुकर १९१० साली कलकत्त्याच्या डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी काढला. बाहेरच्या भांड्यात पाणी, आतल्या डब्यांत वरण, भात, भाजी, खाली कोळसे. झाकण लावलं की कामाला जायला मोकळे. परत येईतो जेवण तयार आणि गरमही. स्वच्छ आणि काटकसरीचा, असा अर्थ असलेल्या दोन इंग्रजी शब्दांची शेपटं जोडून "इकमिक" नाव केलं असं सांगतात. नाव बंगाल्यातून आलं, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी एकट्या मास्तरांचं आणि कारकुनांचं पोट त्यानं सांभाळलं.

आता तुम्ही म्हणाल, मग आपला शिट्टीचा कुकर कुठून आला? तो तर याच्याही आधीचा! १६७९ साली, म्हणजे आपल्याकडे शिवाजीमहाराज हयात असताना, डेनिस पापिन नावाच्या एका फ्रेंच माणसानं लंडनमध्ये घट्ट झाकणाचं भांडं केलं. वाफ आत कोंडली की पाणी शंभर अंशांच्या वर तापतं आणि कठीण हाडंसुद्धा लोण्यासारखी मऊ होतात, हे त्यानं दाखवलं. त्यात जादा वाफ बाहेर जायला त्यानं एक झडप बसवली. आपल्या कुकरवरची झडप ही तिचीच पणती म्हणा ना. १६८२ मध्ये त्यानं तिथल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना त्या भांड्यातलं जेवण वाढलं होतं. तरी आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊन घरोघर जायला १९५९ नंतरचा काळ यावा लागला.

इथं मी बायकांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. कुकरमध्ये दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. डाळ, तांदूळ, हरभरे असे फुगणारे जिन्नस असतील तर निम्म्यावर थांबा. शिटी लावण्यापूर्वी वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहा. डाळीचं एक साल अडकलं तरी पुरे. झाकणाचं रबर सैल झालं की ते ओढून-ताणून वापरू नका, बदला. आणि वाफ पुरती जिरल्याशिवाय झाकणाशी झटापट नको. पापिननं झडप बसवली ती उगाच नव्हे.

तिसरी होती चिठ्ठी. "माझ्या पहिल्या मालकावर त्याच्याच धंद्यातले लोक चालून गेले आणि त्यांनी माझ्या ऐंशी बहिणी मोडून टाकल्या. माझ्या सुईचं नेढं भलत्याच ठिकाणी आहे. मी कोण?"

पहिलं वाक्य वाचून सगळ्या गोंधळल्या. दुसरं वाचताच आमच्या गल्लीत ब्लाउज शिवून दोन मुलांची शिक्षणं करणारी ताई ओरडली, "शिवणयंत्र! हातसुईचं नेढं वर असतं, मशीनच्या सुईचं टोकाला!" किती वर्षं आपण मशीन चालवतो, पण हे कितीजणींच्या लक्षात आलं असेल?

गोष्ट अशी. बार्थेलेमी थिमोनिए नावाचा एक फ्रेंच शिंपी. त्यानं लाकडी शिवणयंत्र केलं आणि १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. पॅरिसला ऐंशी यंत्रं बसवून तो सैनिकांचे गणवेश शिवू लागला. तिथल्या शिंप्यांना वाटलं, आता आपली पोटं बुडाली. १८३१ साली त्यांनी चाल करून यंत्रं फोडली. बिचारा १८५७ मध्ये गरिबीतच गेला. पुढे अमेरिकेत एलियास हाऊ यानं १८४६ साली टोकाला नेढं असलेल्या सुईच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८५१ मध्ये सिंगरचं यंत्र आलं. आणि सिंगरच्या कंपनीनं आणखी एक गोष्ट केली, यंत्र हप्त्यानं द्यायला सुरुवात केली. त्यामुळे ते सामान्य घरात शिरलं. आमची ताई लगेच म्हणाली, "माझं पण हप्त्यावरचंच. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी मी मशीनला हार घातला होता." तिला दोन गुण जादा दिले. कोणी हरकत घेतली नाही.

चौथी वस्तू मुठीएवढी. पितळेची, वर दोन मोर, खाली खडबडीत दातेरी तळ. "खेळणं?" "नाही." "खवणी?" "नाही." "आलं किसायचं?" एकीनं तर ती चक्क किसणी म्हणून घरी मागितली! बरं झालं दिली नाही. कारण ती होती वजरी, टाचा आणि तळपाय घासायची. न्हाणीघरात दगडाजवळ ठेवलेली असायची. साध्या पाय घासायच्या वस्तूवर कारागिरानं मोर बसवले, कारण ती रोज बाईच्या हातात यायची.

अशा वस्तूंसाठी आयुष्य वेचलेला एक माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर. "अज्ञातवासी" या नावानं कविता करणारे हे गृहस्थ १९२० च्या सुमारापासून गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, कुलपं, वजऱ्या, स्वयंपाकघरातली भांडी गोळा करत राहिले. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य सरकारच्या हाती दिला. राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणतात ते हेच. सुमारे वीस हजार वस्तू, आणि त्यांतल्या किती तरी आपल्या आज्या-पणज्यांच्या हातातल्या. पुण्याला गेलात तर शुक्रवार पेठेत साड्यांच्या खरेदीतून दोन तास काढाच. मुलांना न्या, सासूबाईंनाही न्या. सासूबाईंना न्या असं मी आता म्हणते. त्या दिवशी मला ते सुचलेलं नव्हतं. ते पुढे येईलच.

पाचव्या चिठ्ठीत दोन किराणा दुकानातल्या वस्तू होत्या. किराणेवाल्या काकूंसाठी मुद्दाम. पहिली, "पीठ, साखर असा सुटा माल आपोआप जोखून देणारं यंत्र. कोणी योजलं? आपलाच मराठी माणूस." कोणालाच येईना. मास्तरीणबाईंनी उत्तर दिलं. शंकर आबाजी भिसे. १८६७ साली मुंबईत जन्मलेले. अठराशे नव्वदच्या दशकात लंडनच्या एका नियतकालिकानं अशा यंत्राच्या योजनेसाठी स्पर्धा ठेवली होती, ती त्यांनी मुंबईत बसून जिंकली. मग विलायतेला गेले, दादाभाई नौरोजींनी त्यांना हात दिला. छपाईचे खिळे झपाट्यानं पाडणारं "भिसोटाइप" यंत्र त्यांनी केलं. लोक त्यांना हिंदुस्थानचे एडिसन म्हणत. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. आपल्या मुलांना एडिसन पाठ असतो, भिसे मात्र ठाऊक नसतात.

दुसरी वस्तू कागदाची पिशवी, बूड चपटं असलेली, उभी राहणारी. ती करणारं यंत्र काढलं मार्गारेट नाइट नावाच्या अमेरिकन बाईनं. ती कारखान्यात काम करणारी. तिचं यंत्र लोखंडात घडवून होत असताना एका माणसानं ते पाहिलं आणि स्वतःच्या नावावर पेटंट मागितलं. प्रकरण गेलं निवाड्याला. त्याचं म्हणणं, बाईला एवढं गुंतागुंतीचं यंत्र कळणारच कसं? तिनं आपली चित्रं, टिपणं, नमुने आणि साक्षीदार समोर ठेवले. निकाल तिच्या बाजूनं लागला आणि १८७१ मध्ये पेटंट तिच्या नावानं झालं. किराणेवाल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे वहीत लिहून ठेवलं म्हणून वाचली." लाखातली गोष्ट बोलल्या. आपली पाककृती असो, शिवणाचं माप असो की भिशीचा हिशेब, वहीत तारखेनिशी लिहून ठेवावं.

सहावी चिठ्ठी. "कपबश्यांचे टवके उडतात म्हणून वैतागलेल्या बाईनं मला केलं. नवरा कर्ज मागे ठेवून वारला, तेव्हा तिनं मला विकून संसार उभा करायचं ठरवलं." हे चटकन आलं, भांडी घासायचं यंत्र. जोसेफीन कॉक्रेन ही ती बाई, अमेरिकेतल्या इलिनॉयची. १८८३ मध्ये नवरा गेला. हाती पैसे थोडे, देणं फार. घरामागच्या पडवीत एका मिस्त्रीला हाताशी धरून तिनं ताटल्यांच्या मापाच्या तारेच्या चौकटी केल्या, त्यांवर गरम साबणाच्या पाण्याचा मारा बसेल अशी योजना केली. १८८६ साली पेटंट मिळालं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रं चालू होती. घराघरांत ती लवकर गेली नाहीत, पण हॉटेलांनी घेतली.

यावर खूप हशा झाला. "आपल्याकडे ते यंत्र आणलं तर आमची भांडेवाली बाई रुसेल," असं कोणी म्हणालं. मी पुढची वस्तू काढायला वळले. आतल्या खोलीचं दार किलकिलं झालेलं मला दिसलं, पण मी लक्ष दिलं नाही.

आता माझी चूक सांगते. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. मामंजी जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून हळदीकुंकवाच्या दिवशी त्या आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसतात. मी कधी जा म्हटलं नाही. पण बसा असंही कधी म्हटलं नाही. त्या दिवशीही त्यांना चहा-तिळगूळ आत देऊन, टीव्ही लावून, दार लोटून आले होते. आपण त्यांची सोय पाहिली असंच मला वाटत होतं.

सातवी आणि शेवटची वस्तू लाकडाची होती. दोन उभे खुंट, त्यांत एकावर एक चिकटून बसवलेले दोन आडवे रूळ, रुळांच्या एका टोकाला मळसूत्रासारखे कोरलेले लाकडी आटे, आणि फिरवायला दांडा. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, म्हणून शेवटी ठेवली. खेळ घेणारीलाच उत्तर माहीत नाही, असा तो प्रकार!

"शेवयांचं." "नाही बाई, शेवयांना भोकं लागतात." "उसाचा रस काढायचं?" "एवढंसं?" "कपडे पिळायचं असेल," मेडिकलवाल्या वहिनी म्हणाल्या, "विलायतेत असतं तसं." ताईनं दांडा फिरवून पाहिला, तो करकरला आणि अडला.

इतक्यात मागून आवाज आला, "उलटी धरली व तुम्ही. दांडा उजव्या हाताले पाहिजे."

सासूबाई दारात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या आतच.

"अव माय, हे त चरकी हाय! कापसाची. सरकी काढाची. हे काहाले काढली खाली?"

खोलीत एकदम शांतता. मग ताईनंच पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि सतरंजीवर आणून बसवलं. मी ते करायला हवं होतं. सासूबाईंनी चरकी पुढ्यात ओढली, आट्यांवरून बोट फिरवलं. "तेल आन दोन थेंब. वाळली हाय बिचारी." तेल दिलं. "अन् कापूस?" परसात वातींसाठी लावलेलं कापसाचं झाड आहे, त्याची चार बोंडं आणली. त्यांनी कापूस डाव्या हातानं रुळांच्या फटीशी धरला आणि उजव्यानं दांडा फिरवला. मैत्रिणींनो, रुई पलीकडून पापुद्र्यासारखी बाहेर आली आणि सरकी टपटप अलीकडे त्यांच्या मांडीवर पडली! खालचा रूळ फिरला की आट्यांमुळे वरचा उलटा फिरतो. फटीतून तंतू जातो, बी जात नाही. एवढंच गुपित. पण ते गुपित ज्यानं पहिल्यांदा ओळखलं त्याला नमस्कारच करायला हवा.

मास्तरीणबाईंनी मग इतिहास सांगितला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एका रुळाच्या अशा साधनाचं चित्र आहे असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे दीड हजार वर्षांची ही विद्या. शाळेच्या पुस्तकात मात्र कापसाची सरकी काढायचं यंत्र म्हटलं की अमेरिकेतल्या एली व्हिटनीचं १७९३ सालचं यंत्र येतं. तिकडच्या आखूड धाग्याच्या, बीला घट्ट चिकटलेल्या कापसासाठी ते होतं आणि भारी वेगवान होतं. पण त्यामुळे तिकडे कापसाचे मळे वाढले आणि त्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांची संख्याही वाढली. पुढे १८६१ ते १८६५ तिथं यादवी युद्ध पेटलं, कापूस थांबला, आणि विलायतेच्या गिरण्यांची नजर आपल्या वऱ्हाडावर पडली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावला खास आगगाडीचा फाटा आला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. घरातल्या चरक्या हळूहळू माळ्यावर गेल्या. आणि आता? आमच्या वाशीम जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. माझ्या नातवानं सरकी हातात घेऊन विचारलं, "आजी, ही कसली गोळी?"

"ही चरकी कोणाची, आई? तुमच्या माहेरची का?" मी विचारलं.

"माह्या आत्याची," सासूबाई म्हणाल्या. दांडा फिरवतच होत्या. "सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तिचं. घरात काही शुभकार्य असलं का तिले मागच्या खोलीत चरकीवर बसवत. बाहेर सनई वाजे, आत चरकी वाजे. तिनं काढलेल्या रुईच्या वाती देवापुढं लागत. वाती चालत, ती चालत नोती. मरताना मले म्हने, ही तू ने, भंगारात देऊ नको."

कोणी काही बोललं नाही. मी मान खाली घातली. मागची खोली, लोटलेलं दार, टीव्हीचा आवाज. माझंच घर होतं ते.

मेडिकलवाल्या वहिनी उठल्या, कोयरी घेऊन सासूबाईंसमोर बसल्या. आपल्याला आठवत असेल, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा वारला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या गावांना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. आम्ही तेव्हा पेपरात वाचून "छान झालं" म्हटलं होतं आणि पान उलटलं होतं.

सासूबाईंनी हळद लावू दिली. कुंकवाचं बोट आलं तसा हात धरला. "ते राहू दे व आता. त्याचं मंग पाहू." वहिनींनी हट्ट केला नाही, हे मला फार आवडलं. ओटी भरली, तिळगूळ दिला, वाण दिलं. दोघी बायका तेवढ्यात "उशीर झाला" म्हणून उठून गेल्या. त्या का गेल्या ते सगळ्यांना कळलं. गेल्या तर गेल्या. बाकीच्या एकोणीस बसल्या होत्या.

पहिलं बक्षीस अर्थातच सासूबाईंना. गुपित होतं एक पितळी निरांजन. ते हातात घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "ते भांडे घासाची मशीन काढनारी बाई, तिचा पन मानूस गेलता म्हने?" म्हणजे आतून सगळा खेळ ऐकत होत्या! "हो आई." "मंग बसली नाही ना मागच्या खोलीत," असं म्हणून त्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या.

सोमवारी भंगारवाला आला तेव्हा ह्यांनी त्याला फुटकी बादली आणि गंजका पत्रा दिला. बाकी सामान पुढच्या खोलीतल्या फळीवर आहे. चरकी सासूबाईंच्या खाटेजवळ. आता घरच्या वाती घरच्याच कापसाच्या असतात. पुढच्या वर्षीच्या हळदीकुंकवाला त्या पहिल्यापासून सतरंजीवर बसणार आहेत. कुंकवाचं काय, ते त्या ठरवतील.

तुम्हालाही हा खेळ घ्यायचा असेल तर थोड्या सूचना.

वस्तू सात-आठच ठेवा. जास्त झाल्या की कंटाळा येतो. पहिली सोपी, शेवटची अवघड. एखादी अशी ठेवा की तिचं उत्तर तुम्हालाही येत नाही. मजा तिथंच आहे. घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला खेळात घ्या, आणि तिच्यासाठी एक तरी वस्तू हातात घेऊन, चाचपून ओळखायची असू द्या. डोळे अधू झाले तरी हात विसरत नाहीत. ती जे सांगेल ते एका चिठ्ठीवर लिहून वस्तूला दोऱ्यानं बांधा. वस्तूचं नाव, कोणाची, कशासाठी, कोणत्या गावची. वस्तू पुढे कोणाकडेही गेली तरी तिची गोष्ट सोबत जाईल.

पितळ काळं पडलं असेल तर चिंचेचा कोळ आणि मीठ लावून घासा, लगेच स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडं पुसा. ओलं राहिलं की पुन्हा डाग पडतात. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक, आमटी, लोणचं ठेवू नका, आधी कल्हई करून घ्या. लोखंडी वस्तूंचा गंज घासून काढा आणि तेलाचा पुसट हात फिरवा. लाकडी वस्तू पाण्यात बुडवू नका. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा आणि मग जवसाचं तेल चोळा. वाळवीचं छिद्र दिसलं तर ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

आणि जाता जाता तुमच्यासाठी एक कोडं. "मी धान्य दळते, पण मला ना जातं ओढणारी बाई लागते, ना बैल, ना वीज. डोंगराकडून जमिनीखालच्या नळांतून येणारं पाणी मला फिरवायचं आणि माझं पीठ फकिरांच्या नि वाटसरूंच्या पोटात जायचं. मराठवाड्यात मला पाहायला आजही लोक येतात. मी कोण?"

उत्तर पुढच्या अंकात. तोवर आपापल्या माळ्यावर चढा. आणि हो, आतल्या खोलीचं दार लोटलेलं असेल तर ते आधी उघडा.